उन्हाची भिंत

दगाजी भावसार वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले
वाचनालयातलं जुनं चित्र.
“वाळवी लागलीय. काच बदला, लाकूड बदला,
जमलं तर वर्धापनदिनाच्या आत.”

धुळ्याला आग्रा रोडवर माझं दुकान.
देव, लग्नं, गेलेली माणसं
सगळ्यांना मी काचेआड बसवतो.
थडगी पहिल्यांदाच आली.

मागचे खिळे उपसले,
पुठ्ठ्यातून भुसा सांडला बाजरीच्या कोंड्यासारखा,
आणि आत, कडांना चहाच्या रंगाचं झालेलं
थाळनेर.

तापीकाठचे घुमट.
काही अख्खे, एकाची कवटी फुटलेली,
पुढे तो आठ बाजूंचा,
ज्याच्या भिंतीत दगडाला जागा ठेवलीच नाही नक्षीनं.
काढणारा कोण, कळायला मार्ग नाही,
सहीचा कोपरा वाळवीनं आधी खाल्ला.
बाहेरचाच असणार.
वैशाखात आमचं आभाळ रिकाम्या तव्यासारखं,
आणि यानं तिथे ढग घातलेत, ओले, गुबगुबीत,
घरून निघताना पेटीत बांधून आणलेले.

पण दगडापाशी त्याचा हात खोटं बोलत नाही.
वेलीची एकेक गाठ त्यानं मोजलीय.
भेगेतला पिंपळ ब्रशच्या दोन केसांवर उभा केलाय.
आणि कमानीतला अंधार!
काळा वापरलेलाच नाही तिथे,
निळ्यावर तपकिरी, पुन्हा निळा, पुन्हा थांबून तपकिरी.
रांजणाशेजारी बसल्यावर येतो तसा गारवा
त्या कागदातून येत होता.
गल्ला उघडा टाकून मी तासभर बघत राहिलो.
दोन गिऱ्हाइकं परत गेली.

मग भिंगाखाली, अगदी खालच्या कडेला,
एक माणूस.
नखाएवढा. उकिडवा. डोक्याला पांढरं.
घुमट केवढा मोठा ते कळावं म्हणून
मापाला ठेवलेला.

रविवारी शिरपूरची एसटी धरली, पुढे काळीपिवळी.
घुमट होते. ढग नव्हते.
पिंपळ कुणी तरी छाटलेला, नक्षीच्या वेलीवर
खडूनं बदाम, आणि त्यात दोन अक्षरं.
शेळ्या राखत नवसाबाई ठेलारी बसली होती,
तिला मोबाईलवर चित्राचा फोटो दाखवला.
ती आधी खालीच बघायला लागली, मातीकडे,
“आठे चिंच व्हती. मी देखेल शे.”
मग बोटानं फोटो मोठा करत गेली
तो त्या माणसापाशी थांबली.
“हाऊ कोन?”
मापासाठी काढलाय, मी म्हटलं.
“इतली सावली पडेल शे,” ती म्हणाली,
“त्याले उन्हात काबर बसाडं?”

मला उत्तर आलं नाही.
आलं ते एवढंच, की सावलीत बसवला असता
तर दिसला नसता.
ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.
तिनं शेळीला हाक मारली
आणि स्वतः कमानीच्या आत जाऊन बसली,
कुठल्याशा सुलतानाच्या उशाशी,
ज्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

सोमवारी माउंट कापायला घेतला.
नियम असा, की चारी बाजूंनी
चित्राची बोटभर कड झाकायची. सगळेच झाकतात.
तो माणूस नेमका त्या बोटात येत होता.
ब्लेड खाली सरकवली.
वरून थोडे ढग गेले. जाऊ देत.

दगाजी न्यायला आले, लांबून बघून म्हणाले,
खाली जरा जास्त मोकळं वाटतंय का?
मी पैसे मोजत होतो.
प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तेच सांगितलं,
उन्हाच्या भिंतीला लावू नका.
“रंग उडतो?”
हो, म्हटलं.
रंगही उडतो.